कुणी मरत नाही असं रान

योगिनी : मग? सिंहीण दबा धरून बसली. पुढे काय झालं?

चतुराबाई : पुढं काय. बसली, बसली, कटाळली आन् गेली निघून.

योगिनी : परत? काल बिबट्या कंटाळून गेला, परवा मगर कंटाळून गेली. आफ्रिकेतले सगळे प्राणी असे कंटाळलेलेच कसे हो, आई?

चतुराबाई : ऊन लय आसतं तिकडं.

योगिनी : आणि खातात काय मग?

चतुराबाई : खात आसतील कायतरी. मी काय त्यांच्या ताटात डोकावू? तू आधी कुशीवर हो. डाव्या. डॉक्टरीणबाईनं डावीच सांगितली हाय.

योगिनी : डाव्या कुशीला भिंत आहे. भिंतीचा एकेक पोपडा पाठ झालाय माझा.

चतुराबाई : व्हऊ दे पाठ. आजून दोन महिने पलंगावरनं उगाच खाली उतरायचं नाय.

योगिनी : मोबाइल द्या ना. दोनच मिनिटं. मीच बघते ती सिंहीण कुठे गेली.

चतुराबाई : नाय. पोटुशीनं रगात बघू नये. मी आधी बघणार, मग तुला सांगणार. ठरलंय ना आपलं?

योगिनी : तुम्ही चाळून सांगता.

चतुराबाई : मग? पीठ बी चाळूनच मळते मी. आगं, लोकांच्या सुनांना कैरी लागती, चिंच लागती. आमच्या नांदगावात एकीला पाटीवरची पेन्सिल लागायची. तुला लागले हत्ती आन् जिराफ! रविराज म्हणला, आई, हे कसले डोहाळे? म्हणलं, कसले का आसंनात, सुनेचा डोहाळा सासूनं पुरवायचा. म्हणून दुपारची भांडी झाली की बसते वट्याला टेकून मोबाइल घेऊन. त्या जनावरांच्या व्हिडिओत हिंदी बोलणारा माणूस आता माझ्या घरातलाच झालाय.

योगिनी : रविराज हसतो तुम्हाला.

चतुराबाई : हसू दे. त्याला म्हणावं, शहामृगाकडनं शिक. दिवसा बायको बसती अंड्यांवर आन् रातच्याला नवरा. ती मातकट, म्हणून दिवसा दिसत नाय. तो काळा, म्हणून रातीला दिसत नाय. कशी वाटणी केलीय बघ! आमच्या वेळी एका नवऱ्यानं पोराला मांडीवर घेतलं नाय.

योगिनी : रात्रपाळी रविराजची. लिहूनच घेते.

चतुराबाई : घेच. बरं, डोळे मीट आता. मिटलेस? गवत हाय. पिवळं. ज्वारी काढणीला आली की शिवार दिसतं ना, तसं. पर बांध नाय, विहीर नाय, कुणाचं कुंपण नाय. नजर जाईल तिथवर गवतच. मधी एखादं झाड, वरनं सपाट, कुणीतरी छत्री उघडून ठेवून इसरून गेल्यावानी.

योगिनी : वारा आहे?

चतुराबाई : हाय की. गवत हळूहळू एका अंगाला निजतं, परत उठतं. त्यातनं हत्तिणी चालल्या हायेत. म्होरं कोण, वळख.

योगिनी : हत्ती. मोठ्या सुळ्यांचा.

चतुराबाई : हॅट्! बाप्ये मोठे झाले की कळपात ठेवतच नायत त्यांना. म्होरं चालती म्हातारी. सगळ्यांची आजी. पाणी कुठं हाय ते तिच्या ध्यानात आसतं. धा-वीस वर्सांमागं दुष्काळात कुठल्या खड्ड्याला पाणी होतं, ते बी. ती वळली की सगळ्या वळतात.

योगिनी : हे चाळलेलं नाही ना?

चतुराबाई : हे अस्सल. आन् ती चालता चालता थांबती. पुढचा एक पाय जरासा उचलून धरती. का, तर ऐकती.

योगिनी : पायाने?

चतुराबाई : पायानं! लांब कोसावर दुसरी हत्तीण हुंकारली, तर तो हुंकार जमिनीतनं येतो. आपल्याला ऐकूच येत नाय तो, इतका खाली आसतो. हिच्या तळपायाला कळतो. कोण हाय, घरचं हाय का परकं, समदं.

योगिनी : मला दिसतायत त्या. या पंख्याचा आवाजसुद्धा आता गवतासारखाच वाटतोय. आई, आतलं बाळ ऐकत असेल असंच? माझ्यातून?

चतुराबाई : ऐकतंय तर. म्हणून तर चाळून सांगते.

योगिनी : अजून सांगा. झोप येतेय, पण झोपायचं नाही मला.

चतुराबाई : ते पट्ट्यापट्ट्यांचं घोडं. झेब्रा. पिल्लू झालं की आई काय करती, त्याच्याम्होरं आडवी उभी ऱ्हाती. मावश्या, आत्या, सगळ्या येतात बघायला, ही कुणाला फिरकू देत नाय. हाकलून लावती. कारण पिल्लानं आधी आईचे पट्टे पाठ करायचे. तिचा वास, तिचा आवाज. एकीचे पट्टे दुसरीसारखे नसतात ना. एकदा पाठ झाले की मग म्हणती, या सगळ्या.

योगिनी : शहाणी आहे.

चतुराबाई : मी बी तेच करणार. सव्वा महिना दाराला कडी.

योगिनी : आणि जिराफ? सकाळपासून जिराफाचं म्हणत होतात. तो लंगड्या पिल्लाचा व्हिडिओ.

चतुराबाई : ते होय. ते... जिराफीण उभ्यानंच बाळंत होती. पोर येतं ते माणसाच्या उंचीवरनं धपकन खाली. भिऊ नको, लागत नाय त्याला. तासाभरात उभं. पायांच्या नुसत्या काड्या.

योगिनी : आणि ते लंगडं?

चतुराबाई : त्याचा एक पाय जन्मताच वाकडा. आईच्या मागं मागं जायचं बिचारं.

योगिनी : मग?

चतुराबाई : मग मोठं झालं.

योगिनी : आई.

चतुराबाई : झालं मोठं. झोप आता.

योगिनी : आई, सिंहिणीचं चालेल. मगरीचं चालेल. हे नका चाळू.

चतुराबाई : तुला त्रास व्हईल गं पोरी.

योगिनी : नाही सांगितलंत तर जास्त होईल.

चतुराबाई : ...गेलं ते. महिन्याचं बी नव्हतं.

योगिनी : आणि ती?

चतुराबाई : ती हललीच नाय. दिसभर पाला खाणारं जनावर, पर तोंड लावलं नाय कशाला. मान खाली करायची, हुंगायची, परत उभी ऱ्हायची. मग बाकीच्या जिराफिणी आल्या. एक, दोन, करत करत पंधरा-सोळा. भोवती उभ्या ऱ्हायल्या.

योगिनी : त्यांनी सांगितलं का तिला, की झालं ते झालं, आता विषय काढायचा नाही?

चतुराबाई : योगिनी...

योगिनी : सांगा ना.

चतुराबाई : नाय. नुसत्या उभ्या होत्या.

योगिनी : माझ्याभोवती कुणी उभं राहिलं नाही, आई. घरी आले तर पाळण्याची दोरीसुद्धा काढून ठेवली होती. दोन वर्षांत या घरात कुणी त्या बाळाबद्दल एक शब्द बोललं नाही. आणि आता जो येतो त्याला तुम्ही सांगता, पहिलटकरीण आहे. मी आतून ऐकते. मी पहिलटकरीण नाही. सातवा लागला होता मला तेव्हा.

चतुराबाई : लोकांनी उकरून इचारू नये म्हणून म्हणते गं. तुलाच टोचंल म्हणून.

योगिनी : टोचतं ते न बोलल्याने. मला वाटतं, तुम्ही सगळे विसरलात. मी एकटीच वेडी आहे, आठवत बसलेली.

चतुराबाई : इसरले? मी?

योगिनी : मग?

चतुराबाई : तुला भूल दिली होती. नर्सनं माझ्या हातात दिली ती पोर. लुगड्याचा पदर काढून गुंडाळली मी तिला, तिथलं फडकं लय खरखरीत होतं. लय केस होते गं तिला. काळेभोर. कपाळावर आले होते. मी बोटानं मागं सारले.

योगिनी : केस होते?

चतुराबाई : होते.

योगिनी : मला कुणी सांगितलंच नाही.

चतुराबाई : सांगायला तोंड उघडलं की माझंच रडं फुटंल म्हणून गप ऱ्हायले. रडू नको. बरं, रड. रड थोडं. मी बसते हितंच.

योगिनी : हात द्या तुमचा. बोटं कुठली? कपाळावरून फिरवलीत ती?

चतुराबाई : ही.

योगिनी : राहू द्या अशीच. माझ्या कपाळावर.

चतुराबाई : डोळे मीट. गवत हाय. पिवळं. त्या सोळाच्या सोळा उभ्या हायेत. मान खाली करून.

योगिनी : दिसतायत. कुणीच निघून जात नाहीये.

(फोन वाजतो.)

योगिनी : घ्या. उठू नका पण.

चतुराबाई : हॅलो... हां, बोल अंजली. रविवारीच. फुलांचे दागिने सगळे करायचे, मोगऱ्याचेच कर. मुकुट बी... काय?... नाय गं. पहिलटकरीण नाय ती... करणार की डोहाळजेवण, का नाय करायचं? दुसरी खेप हाय आमची. पहिली मुलगी झाली होती.