पडद्यावरचं बाळंतपण

कळमेश्वरच्या गाडीसाठी बाकावर बसलेल्या देवकीचे दिवस भरत आले होते. शेजारी एक शिकाऊ डॉक्टरीण मैत्रिणीजवळ फणफणत होती.

“बाळंतपण पडद्यावर शिकवलं वं आम्हाले! सिनेमा लावला अन् सर चहाले गेले.”

“वॉर्डात नाही नेलं?”

“नेलं ना! एका खाटेभोवती अख्खा वर्ग. मले नुसती सरांची पाठ दिसली.”

“मग तू हात कशाले लावला?”

“खुर्चीले! अन् आता म्हणतात, जा कळमेश्वरच्या दवाखान्यात. तिथं बाई अडली तं काय पडदा टांगू?”

देवकीनं तिचा हात धरला आणि अलगद आपल्या पोटावर ठेवला.

“डोकं कुठं आहे, पाहा बरं.”

“अहो, पण मले…”

“चाचपा, डॉक्टरीणबाई. मी कळमेश्वरलेच बाळंत होणार आहो.”