चावी काढली तरी न विझणारा दिवा

नाव : सौ. अक्काताई शरद चौगुले, वय ६१ वर्षे, धंदा घरकाम, रा. बोरगाव, ता. निपाणी, जि. बेळगाव.

ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती दोघेच राहतो. पती साखर कारखान्यातून निवृत्त आहेत. त्यांनी दि. ११ रोजी निपाणीचा गॅरेजवाला युवराज सुतार याच्याविरुद्ध अर्ज दिला आहे की, तो आमच्या गाडीतले चांगले भाग काढून जुने बसवतो. त्याबाबत मला माहीत आहे ते सांगते.

गेल्या वर्षी पतींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. दोन महिन्यांत ते पुन्हा गाडी चालवू लागले. नको म्हटलं तर ऐकणाऱ्यांतले ते नव्हेत. म्हणून मी अंबाबाईला बोलले की, हे गाडी चालवतील तोवर गाडीत तुझा दिवा विझू देणार नाही. भाचा विक्रम याच्याकडून खाली बल्ब असलेली देवीची फ्रेम बसवून घेतली. त्याने केलेल्या जोडणीत चावी काढली की दिवा विझायचा. ते मला चालणार नव्हतं. मी वायर थेट बॅटरीवर जोडायला लावली. पतींना फ्रेम सेलवर चालते असं सांगितलं.

त्यानंतर आठ महिन्यांत तीन बॅटऱ्या व बॅटरी चार्ज करणारे दोन अल्टरनेटर बदलले. गाडी तीन-चार दिवस दारात उभी राहिली की बंद. युवराज ठेवून घ्यायचा, तपासायचा, ठणठणीत करून द्यायचा. घरी आली की पहिले पाढे पंचावन्न. दि. ९ रोजी दुपारी १ वाजता कोगनोळी नाक्यावर गाडी बंद पडली व पती भर उन्हात ढकलायला उतरले. त्या दिवशी मी फार घाबरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजसमोर चारचौघांत युवराजला चोर म्हटलं.

युवराजला दोष सापडला नाही याचं कारण मी आहे. गाडी गॅरेजला जायच्या आधी मी फ्रेम सोडवून देवघरात ठेवत असे. तेलकट हात, चपला, तिथेच डबा खाणारी माणसं; अशा जागी देव ठेवू नये. मागे उरलेली वायर मोबाइल चार्जरची वाटायची. त्याने मला दोनदा विचारलं होतं, "काकू, गाडीत जादाचं काय जोडलंय काय?" मी म्हणाले, "न्हाय रं बाबा." खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. देव जादाचा, असं मनातच आलं नाही.

दि. १४ रोजी दारात उभ्या गाडीतला दिवा मला मंद दिसला. फ्रेम पुसायच्या निमित्ताने आठ दिवस घरात ठेवली. तोवर दारातच उभी असलेली गाडी नवव्या दिवशी पहिल्या चावीला सुरू झाली. खात्रीसाठी फ्रेम परत लावली, चौथ्या दिवशी गाडी बंद. मग बसने एकटी निपाणीला जाऊन युवराजला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बॅटरी रोज रिकामी, मग अल्टरनेटर किती दमायचा, काकू?" त्याची कडोलीत ठरत आलेली सोयरीक या अर्जावरून थांबली आहे, हे त्याची आई जयाबाई हिच्याकडून कळलं. तो त्याबद्दल बोलला नाही. मला लाज वाटली.

आज सकाळी साडेनऊला मी स्वतः वायर कापली. कापताना भीती वाटली, हे लिहून घ्यावं. पतींना खरं सांगितलं. ते म्हणाले, "घरात मिटवू, ठाण्यात कशाला?" मी म्हणाले, "चोर म्हणताना चारचौघांत म्हणलासा. आता चूक बी चारचौघांतच सांगायची." नंतर विक्रमने बॅटरी चार्ज करून आणल्यावर त्यांनीच गाडी चालवत मला इथे आणलं. ते बाहेर बाकावर बसले आहेत.

युवराजने आमच्या गाडीतला एकही चांगला भाग काढून घेतलेला नाही. पतींचा अर्ज माझ्या चुकीमुळे झाला.

हा जबाब जमादारांनी मला मराठीत वाचून दाखवला. अर्ज 'गैरसमजातून' झाला असं त्यांनी लिहिलं होतं. ते खोडून 'माझ्या चुकीमुळे' असं लिहायला लावलं, परत वाचून घेतलं, आणि मग सही केली.

(सही) अक्काताई शरद चौगुले