आवाजाचं बटण

लढाई संपली होती. सांगलीच्या स्टँडवर, तिकिटाच्या रांगेत, माझ्यापुढं दोघे भाऊ उभे होते. फौजेतून नुकत्याच सुटून आलेल्या धाकट्याच्या काखेत घरी केलेली गिटार होती.

"मानसिंग, ही गिटार जोडून आण्णांच्या रेडिओचा भोंगा फाडलास तू."

"गिटारीवरच्या आवाजाच्या बटनाची तार उलटी जोडली, दादा. बारीक करायला गेलो, तर वाढला."

"आरं, पन गिटारीला वीज लागतीच कशाला? तारांखाली लोहचुंबक काय, वायरी काय. मिरजंत सतार घे आन् गप वाजवत बस."

"ती ऐकू येत न्हाई."

"कुणाला?"

"मला. तोफंजवळ होतो, दादा. बारीक आवाज आता येतच न्हाईत."

रांग पुढं सरकली. थोरला जागचा हलला नाही.

"नेमिनाथशेटचा रेडिओ लय मोठा हाय," तो धाकट्याच्या कानाशी जाऊन म्हणाला. "मी उसना मागून आनतो. पन बटन नीट जोड, गड्या."