परातीतलं युनिक्स

संपदा : तुम्ही परत विचारलंत.

बबन : मग? तू पुसून टाक म्हणालीस, मी विचारलं, नक्की का? हो की नाही? सहा महिने हेच तर करतोय.

संपदा : ते क्लासातलं जुनं डॉस विचारायचं. आता तुम्ही डॉस नाही, युनिक्स आहात. युनिक्स विचारत नाही.

बबन : एवढं मोठं मशीन, एक साधा प्रश्न विचारायला त्याचं काय जातं? खालचा वाणीसुद्धा साखर बांधताना विचारतो, पाव किलोच ना म्हणून.

संपदा : वाण्याला तुमचा स्वभाव माहीत आहे. हा सांगितलं की करतो. आणि करून झालं की झालं असंही सांगत नाही.

बबन : मग झालं हे कळणार कसं?

संपदा : गप्प राहिला म्हणजे झालं. काही चुकलं तरच बोलतो.

बबन : म्हणजे तुझा लवूदादा. आपल्या लग्नात दोन दिवस त्याने तोंड उघडलं नाही. वरणात मीठ नव्हतं तेव्हा उघडलं.

संपदा : दादाला मध्ये आणू नका. वाल सोला आणि युनिक्स व्हा.

बबन : दोन्ही एकदम?

संपदा : तोच त्याचा मोठेपणा आहे म्हणे. क्लासचे गुणवंत सर सांगतात, आतल्या खोलीत एकच मशीन, आणि बाहेर दहा जणांची कामं एकदम करतं.

बबन : मला दहा जण नको. एकटीचं करतानाच बोटं सुरकुतली. बरं, नीट सांग. परात म्हणजे काय?

संपदा : परातीत न सोललेले वाल. ती एक डिरेक्टरी, म्हणजे कप्पा. पातेल्यात सोललेल्या डाळिंब्या, ती दुसरी. वाटीत किडके आणि टरफलं, ती तिसरी. मी पोळपाटावर टाइप करते आणि तोंडाने म्हणते. तुम्ही मशीनसारखं करायचं.

बबन : हे डॉसच्या वेळी चांगलं होतं. मी बोलायचो तरी. एक फाइल कॉपी झाली, दोन फाइली कॉपी झाल्या. मला वाटायचं, आपणही काहीतरी शिकतोय.

संपदा : मला काय, हौस आली होती बदलायची? दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉम्प्युटरच्या क्लासला गेले तर जुनी मशीनं उचललेली. सर म्हणाले, आता बाहेर हेच मागतात. सहा महिने पाठ केलेलं सगळं उलटं. आत काय काय आहे ते दाखव म्हणून डिर म्हटलं की ओळखच देत नाही, एलएस म्हणायचं. रेघ डावीकडे झुकायची ती उजवीकडे झुकते. मोठं अक्षर वेगळं, छोटं वेगळं. जरा इकडचं तिकडे झालं की म्हणतो, असं काही माझ्याकडे नाहीच.

बबन : सोवळं पाळतो.

संपदा : हसू नका. घ्या. एलएस.

बबन : वाल.

संपदा : कुठले? मी कुठे आहे?

बबन : परातीत आहेस. बरेच वाल. एक खडा.

संपदा : खडा वाटीत हलवा. एमव्ही.

बबन : हलवला.

संपदा : बोललात.

बबन : चुकून निघालं. सवय आहे. तुला रोज विचारतो की नाही, गॅस बंद केलास का, पास घेतलास का, नक्की घेतलास का.

संपदा : त्यानेच माझा घात झालाय. मंगळवारी काय झालं, सांगितलं ना तुम्हाला?

बबन : फाइल गेली एवढं सांगितलंस.

संपदा : गेली नाही, मी घालवली. दोन आठवडे बसून पगाराचा प्रोग्राम केला होता. रद्दी तेवढी पुसायची म्हणून आरएम स्टार दिलं, म्हणजे उभी आहे तिथलं सगळं पूस. मी होते भलत्याच डिरेक्टरीत. पण मला धास्ती नव्हती. माझं बोट एनवर तयार होतं. आता हा विचारेल, नक्की का, आणि मी नाही म्हणून एन दाबेन. बसून राहिले तशीच. शेजारची मुलगी म्हणाली, मावशी, कुणाची वाट बघताय?

बबन : मग?

संपदा : मग काय. सगळं गेलं. डॉसमध्ये पुसलेलं परतही आणता यायचं, नावाचं पहिलं अक्षर तेवढं सांगावं लागायचं. इथे तेही नाही. सर ओरडले नाहीत. म्हणाले, बाई, याला विचारायची सवय नाही, तुम्हालाच थांबायची सवय लावायला हवी. हुकूम द्यायच्या आधी आपण कुठे उभे आहोत ते बघा.

बबन : सर बरे आहेत.

संपदा : सर बरे आहेत, पण उद्या परीक्षक बाहेरचा आहे. ऑफिसातून आम्ही तिघं बसतोय. त्या दोघांची वयं माझ्या निम्मी. आणि साहेबांनी सांगून ठेवलंय, जो पास होईल त्याचं नाव...

बबन : पुण्याच्या नव्या सेंटरला. माहीत आहे.

संपदा : ते नंतर बघू.

बबन : नंतरच बघू. म्हण तू.

संपदा : सीडी पातेलं. म्हणजे आता मी पातेल्यात. एलएस.

बबन : डाळिंब्या. पातेलं अर्धं भरलंय. तासाभराची मेहनत आहे, हे मशीन सांगत नाही, मी सांगतो.

संपदा : छान आहेत. आता परातीतल्या सोललेल्या इकडे घ्या. एमव्ही.

बबन : 

संपदा : हां, असं. गप्प. आता जमलं तुम्हाला. किडके वाटीत टाका.

बबन : 

संपदा : बघा, बोलला नाहीत तर कामं किती भराभर होतात. आता तेवढी रद्दी पुसून टाकू. आरएम स्टार.

(बबन उठतो आणि दाराजवळच्या केराच्या बादलीत पातेलं उपडं करतो.)

संपदा : अहो. अहो, हे काय केलंत?

संपदा : डाळिंब्या होत्या त्या. खरंच टाकल्यात? वाटीतले टाकायचे होते. बोला ना.

बबन : तू पातेल्यात उभी होतीस. वाटीकडे गेलीच नव्हतीस.

संपदा : पण विचारायचं तरी.

बबन : युनिक्स विचारत नाही.

संपदा : तुम्ही तर विचारता. आयुष्यभर विचारत आलात. आजच बरी आठवण झाली. रात्री काय खायचं आता?

हंसाबेन : संपदाबेन, बाजूला माझ्या घरात आवाज आला, दरवाजा उघडा हाय म्हणून आली. काय झगडा चालू आहे? तुम्ही दोघं तर कधी आवाज करत नाय.

बबन : झगडा नाही, हंसाबेन. परीक्षा आहे तिची उद्या. अभ्यास घेतोय.

हंसाबेन : असा अभ्यास? अरे राम, बादलीमध्ये वाल? सोललेला वाल? हा सोलायला तर माणूस म्हातारा होतो.

संपदा : विचारा यांना.

हंसाबेन : मी काय विचारू. मी दाल-ढोकळी बनवली, मोठा पातेला भरून. आणते. नको बोलायचं नाय. आणि बबनभाई, तुमचं काम झालं. मी दूधवाल्याला विचारून ठेवलं.

बबन : ते नंतर बोलू, हंसाबेन.

संपदा : कसलं दूध?

हंसाबेन : हे बोलले ना मला, संपदा पुना जाणार, एकट्या माणसाला दूध किती लागते? मी बोलली, अर्धा लिटर बस झालं, दही लावायचं असेल तरच एक. मग मला बोलले, दही लावायला शिकवा. मी बोलली, संपदाबेन जाऊ दे, मग शिकवते, घाई काय आहे. काय झालं? मी काय खोटं बोलली?

संपदा : नाही, हंसाबेन. बरोबर बोललात.

हंसाबेन : मग ढोकळी गरम करते. येते पाच मिनटात.

संपदा : हंसाबेनला दूध विचारलंत.

बबन : हं.

संपदा : मला नाही विचारलंत. पंधरा दिवस झाले साहेबांनी सांगून. मी रोज वाट बघतेय, आज विचाराल, उद्या विचाराल.

बबन : विचारलं की तू नाही म्हणतेस.

संपदा : कधी म्हणाले?

बबन : नागपूरची बढती आली तेव्हा. गिरगावच्या खोलीत, खिडकीत बसून मी एवढंच विचारलं, नक्की का? तू म्हणालीस, नाही, नको. पुढच्या महिन्यात आपण भाईंदरचं घर बघायला आलो.

संपदा : तुम्ही जा म्हणाला नव्हतात.

बबन : जाऊ नको असंही म्हटलं नव्हतं. पण माझ्या विचारण्यात ते ऐकू येतं तुला. मलाही येतं. म्हणून या वेळी ठरवलं, दूध विचारीन, दही विचारीन, शनिवारच्या पुण्याच्या गाड्या विचारीन. तुला नाही विचारणार.

संपदा : आणि डाळिंब्या टाकायच्या हेही ठरवलं होतं?

बबन : नाही. ते तू म्हणालीस तेव्हा सुचलं. तोंडातून निघणारच होतं बघ, नक्की का म्हणून. दात दाबून धरले. वाटलं, उद्या तिकडे क्लासात तुझं बोट परत एनवर जाऊन बसेल, आणि मी काही तिथे नसणार. उद्याही नाही, पुढेही नाही.

संपदा : आणि तुमचं काय? घरात दोघंच आहोत आपण. संध्याकाळी शाळेच्या ऑफिसातून घरी आलात की बोलणार कुणाशी?

बबन : हंसाबेन आहेत. वाणी आहे.

संपदा : थट्टा नको.

बबन : थट्टा नाही. मला करमणार नाही, हे तुला माहीत आहे. ते सांगायला कशाला हवं?

संपदा : बादलीतल्या वरच्या वरच्या उचलून धुतल्या तर?

बबन : खाली चहाचा चोथा आहे.

संपदा : असू द्या मग. एक सांगते, ऐका.

बबन : सांग.

संपदा : मी उद्या पास झाले, तर पुण्याला जाणार.

संपदा : दोन वर्षं तरी.

संपदा : ऐकलंत ना?

संपदा : काहीच बोलत नाही तुम्ही.

बबन : चुकलं असतं तर बोललो असतो.

संपदा : तो पोळपाट द्या इकडे. ढोकळी येईपर्यंत पुन्हा एकदा घेऊ.

बबन : पातेल्यात काही नाही आता.

संपदा : परातीत आहेत की थोडे. तुम्ही सोला, मी म्हणते.

बबन : म्हण.

संपदा : थांबा जरा. आधी मी कुठे उभी आहे ते बघते.