सुटीवर असलेल्याचं नाव

हॅलो? …हो दीपा, अनसूयाच बोलून राहिली. कुकर बंद करते, थांब… हं, बोल.

…काय? विनयभाऊंना घरी बसवलं? लेखी दिलं? …अच्छा.

अगं ऐक ना, रडू नको. मीटिंगमध्ये होते ना मी. ते नवे चिराग सर म्हणे, ऑफिसात प्रत्येक चुकीला एक नाव पाहिजे. ‘अपनी गलती, अपना नाम’, भिंतीवर बोर्ड लावला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग विचारलं, जिन्याचा कठडा कोणाच्या नावावर? …हो, तोच, ज्याला धरून उतरताना ते म्हातारे काका खाली पडले, कमरेचं हाड मोडलं. सगळे आपापल्या कपात बघून राहिले. मग आमचा बडे बाबू, अतुल, हळूच म्हणाला, विनयजी देखते थे.

…काहून म्हणजे? मीटिंगच्या दिवशी भाऊ सुटीवर. तुमच्या प्रणोतीला पाहायला मुलाकडचे आले होते ना, तोच दिवस. आमच्याकडे सुटीवाल्याचंच नाव निघते. रिकामी खुर्ची नाही म्हणत नाही ना.

…हो, हो, माहीत आहे. कठडा हलतो हे भाऊंनी अतुलला माझ्यासमोर सांगितलं होतं. तो म्हणाला, देखते हैं. नखं कापून राहिला होता.

…मी? उद्या चौकशीत? सरांसमोर?

सांगितलं असतं गं. पण उद्या माझी सुटी आहे… नाही, टाळून नाही राहिली. नणंदेकडे चालली, रांझीला… अगं, मी मागितलीच नव्हती. अतुलच म्हणाला, दीदी, थक गई हो, एक दिन आराम कर लो. अर्जही त्यानंच लिहिला, मी फक्त सही केली…

…काय म्हणाली?

…

अगं हो, चौकशीही उद्याच, अन् सुटीही उद्याचीच.

म्हणजे उद्या भाऊ सांगतील, अनसूयाताईंसमोर बोललो होतो. अतुल म्हणेल, मग त्यांनाच सांगितलं असेल, मला नाही. आणि मी नणंदेकडे पोहे खात.

तरीच इतका गोड बोलला मेला.

चल, ठेव आता. त्याला फोन करते, सुटी नको म्हणून. …हो, येईन उद्या. …येईन म्हटलं दीपा, बोलेन असं नाही म्हटलं. माझ्यावर आलं तर बोलेनच ना.

…अगं, त्यात रागावण्यासारखं काय?

…बरं. भाऊंना सांग, जेवून घ्या म्हणावं. ठेवते.