आपली नाव द्यावी

(वर्ध्यातले एक मैदान, १९८४ सालच्या जानेवारीतली दुपार. 'जिल्हा नौका-प्रदर्शन' अशी कापडी कमान. मंडपाच्या मधोमध, कुठल्याही पाण्यापासून शक्य तितका दूर, एक लाकडी डोंगा झेंडूच्या माळा घालून ठेवलेला. शेजारी खांद्यावर नवी शाल घेतलेला रूपराव, नुकतीच एस.टी.तून उतरून आलेली त्याची बायको आणि छातीवर बिल्ला लावलेले प्रदर्शनाचे चिटणीस प्रभाकरराव.)

बाई : …अन् मले सांगतलं का डोंग्यासाठी डांबर आनाले जाऊन राह्यलो!

रूपराव : हळू बोल व. माईक चालू हाये.

बाई : असू द्या चालू. सकायी टोपले घेऊन घाटावर गेली तं डोंगा नाई. मले वाटलं वाहून गेला. काठाकाठानं पार पवनारपर्यंत पाहत गेली. तं थो शेजारचा नत्थू सायकलवरून सांगते, 'वैनी, तुमचा डोंगा वर्ध्याले हार घालून बसला हाये.'

रूपराव : मंग? खोटं सांगतलं का त्यानं?

प्रभाकरराव : नमस्कार, बाई. आपण रूपरावांच्या सौभाग्यवती ना? या, बसा. चहा मागवू?

बाई : बसाले नाई आली, मास्तर. डोंगा न्याले आली.

प्रभाकरराव : मास्तर नव्हे, प्राध्यापक. भूगोलाचा.

बाई : मंग तुमाले ठाऊक असन का नदी कोठं हाये.

रूपराव : अवो, असं नाई बोलत. थे चिटणीस हायेत.

प्रभाकरराव : असू द्या, असू द्या. बाई, एक गैरसमज दूर करतो. आम्ही नौका मागितलीच नव्हती. आम्ही फक्त नाव मागितलं होतं.

बाई : थेच तं! नाव मांगतली अन् यायनं देऊन टाकली.

रूपराव : ईले कागद दाखवा, सायेब. वाचा तुमीच.

प्रभाकरराव : 'सर्व बोटमालकांनी आपली नाव समितीकडे त्वरित द्यावी.' आता मूळ मसुद्यात मी 'आपले नाव' आणि 'द्यावे' असंच लिहिलं होतं. छापखान्यातल्या गृहस्थांनी ते शुद्ध केलं. त्यांचं म्हणणं, नौकांचं प्रदर्शन आहे, तेव्हा नाव स्त्रीलिंगीच पाहिजे.

रूपराव : आयकलं? 'आपली नाव.' छापील होतं. मी काही अडाणी नाई. लिंग पाह्यलं, बंडीले बैल जुतले, डोंगा चढवला अन् आलो.

बाई : अन् बाकीचे बोटमालक? त्यायनं काऊन नाई आनले डोंगे?

प्रभाकरराव : बाकीच्यांनी नुसतं नाव दिलं.

बाई : त्यायले बरं समजलं.

प्रभाकरराव : समजण्याचा प्रश्न नव्हता, बाई. त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

रूपराव : खरं हाये. जिकडेतिकडे पूल झाले. ताराचंदच्या डोंग्यात आता म्हशी कुटार खातात. किसनरावानं पालथा घालून कोंबड्याईचा खुराडा केला. तरी दरसाली येतात, पहिल्या रांगेत बसतात, बोटमालक म्हनून.

बाई : मंग या मंडपात बोट कोन्ती हाये?

प्रभाकरराव : ही. आपली.

बाई : अन् थे तिकडची? पांढरी?

प्रभाकरराव : ती फायबरची आहे, नागपूरहून आणली. पण तिच्यात बर्फ घालून थंड पेयाच्या बाटल्या ठेवल्या आहेत. मागणी बरी आहे. त्या पलीकडे प्रेशर कुकर, शिलाई मशीन, विमा आणि दंतमंजन. काळानुसार प्रदर्शनाचा विस्तार करावा लागतो.

रूपराव : सुरुवातीले असं नोतं पन. तुले सांगतो, पहिल्या साली हे प्रदर्शन पवनारले घाटावरच भरलतं. मोटरची बोट आनली होती. एकेका बोटमालकाले बसवून फेरी मारून आनत होते. टोपी उडाली माही, तरी मी हासून राह्यलतो. दोन रांगा भरून बोटमालक होते! सारे घरी गेले अन् आपापल्या डोंग्याकडे असे पाहू लागले, जसा शहरातला जावई सासऱ्याच्या बंडीकडे पाहते.

बाई : मले आठवते. तुमी वल्हं मारतानी तोंडानं भुर्रर्र आवाज काढत होते.

रूपराव : दुसऱ्या साली रबराची बोट आनली. थे भाषण चालू असतानीच हवा जाऊन बसली.

प्रभाकरराव : भाषण लांबलं होतं.

रूपराव : मंग बोटी कमी झाल्या, जेवन वाढलं. बुंदी, मठ्ठा, सारं. बोटमालक बोटी पाहाले येत होते थे बुंदी खाले येऊ लागले. मंग बुंदी बंद झाली, चिवडा आला. आता तं चहाच्या कुपनावर आलं.

प्रभाकरराव : अनुदान कमी झालं.

बाई : अन् तुमी? तुमी कायले येता?

रूपराव : मी… मी पाहाले येतो.

बाई : काय? कुकर?

रूपराव : तुले नाई समजायचं. गावात मी कोन? वांग्यावाला रूपराव. बजारात कोन? 'ए वांगेवाले.' येथं आलो का माईकवरून बोलावते, 'श्रीयुत रूपराव, बोटमालक, यांनी व्यासपीठावर यावे.' खुर्ची देते. बिल्ला देते. आज तं शाल देल्ली, नारळ देल्ला. साऱ्या जिल्ह्यात एकच चालता डोंगा हाये, अन् थो माहा हाये!

बाई : थो कोनाचा हाये?

रूपराव : …आपला.

बाई : बरं. आपला. उतरवा मंग हे फुलं अन् ठेवा आपल्या बंडीवर. उद्या सकायी बजार हाये. वांगे तिकडच्या काठावर लटकून राह्यले, मेथी फुलाले आली. पवनारच्या पुलावरून फेरा घालून आनली का मेथी अशी मान टाकते, का गिऱ्हाईक हातात घेऊन पुन्हा खाली ठेवते.

प्रभाकरराव : बाई, थोडी अडचण आहे. रूपरावांनी आपल्याला सांगितलं नाही का?

बाई : मले त्यायनं डांबर सांगतलं.

प्रभाकरराव : ही नौका आता परत जाणार नाही. सकाळी उद्घाटनात रूपरावांनी ती समितीला अर्पण केली. कार्यालयासमोर चौथरा बांधून तयार आहे. वर नौका ठेवायची, तिच्यात माती भरायची आणि गुलाब लावायचे. जलवाहतुकीचं स्मारक.

बाई : डोंग्यात माती?

प्रभाकरराव : काळी माती. शिवाय तळाला भोकं पाडायची, म्हणजे पाणी साचणार नाही.

बाई : डोंग्याले भोकं?

प्रभाकरराव : लहानशीच. तानबा सुतार गिरमिट घेऊन निघालाच आहे. झाडांची मुळं कुजू नयेत म्हणून.

बाई : अवो, आयकून राह्यले का? पानी आत येऊ नाही म्हनून माह्या बापानं हा डोंगा केला, अन् हे पानी बाहेर जावं म्हनून भोकं पाडून राह्यले!

रूपराव : भोकाईचं मले नोतं सांगतलं, सायेब.

प्रभाकरराव : तो तांत्रिक भाग झाला. एक मिनिट, बाई. आपल्या वडिलांनी केला म्हणालात?

बाई : मंग काय! माहेर आमचं नदीच्याच काठी. बापानं पाह्यलं का पोरीचं घर अलीकडे अन् वावर पलीकडे. म्हने पोरगी जलमभर टोपलं डोक्यावर घेऊन पुलाचा फेरा घालन का? सागाच्या फळ्या आनल्या अन् आंदनात डोंगा देल्ला. वरातीत आमी दोघं त्याच्यातच बसून आलो. विचारा यायले.

रूपराव : मी घड्याळ मांगतलं होतं.

बाई : घड्याळ देल्लं असतं तं आज थे हातात बांधून कोन्या खुर्चीवर बसले असते?

प्रभाकरराव : म्हणजे नौका आंदणातली आहे. म्हणजे रूढीप्रमाणे मालकी… रूपराव, हे आपण समितीला कधी सांगितलं नाहीत.

रूपराव : समितीनं कवा विचारलं? समितीनं 'बोटमालक' लिवून बिल्ला देल्ला, मी लावला.

प्रभाकरराव : तरी पण, रूपराव, शब्द दिलाय तुम्ही. पाहुण्यांसमोर, माईकवर. टाळ्या पडल्या. पाहुणे तर म्हणाले, असा त्याग विदर्भातच दिसतो.

रूपराव : हौ ना. आता शब्द कसा फिरवू? सारे म्हनतीन, रूपरावाले बायकोनं बंडीवर बसवून नेला.

बाई : मी नाई म्हनत शब्द फिरवा. मी एकच विचारते. हा डोंगा गुलाबाले देल्ल्यावर पुढच्या साली तुमी येथं कोन?

रूपराव : म्हंजे?

बाई : म्हंजे माईकवर काय सांगतीन? 'श्रीयुत रूपराव' अन् पुढे?

रूपराव : …सायेब, सांगा ना ईले. पुढे काय?

प्रभाकरराव : प्रश्न योग्य आहे. ताराचंद आणि किसनराव यांचे डोंगे निदान त्यांच्या घरी आहेत. आपला चौथऱ्यावर, म्हणजे समितीचा. नियमाप्रमाणे आपण प्रेक्षकांत बसाल.

रूपराव : प्रेक्षकांत!

प्रभाकरराव : सतरंजीवर. कुपन मात्र मिळेल.

रूपराव : म्हंजे म्हशीचा डोंगावाला खुर्चीवर अन् मी खाली? हे तं मले कोनी सांगतलंच नाई.

बाई : मी सांगून राह्यली ना.

रूपराव : थांब. थांब जरा. बोलू नको. सायेब, सकायी माईकवर मी काय बोललो? शब्दाले शब्द सांगा.

प्रभाकरराव : आपण म्हणालात, 'कागदात मांगतल्याप्रमाणे मी समितीले नाव देतो. जय हिंद.'

रूपराव : 'नाव देतो.'

प्रभाकरराव : 'नाव देतो.'

रूपराव : कोन्ती नाव? का कोन्तं नाव?

प्रभाकरराव : म्हणजे?

रूपराव : मी 'आपली' म्हनलं का? 'आपलं' म्हनलं का?

प्रभाकरराव : नाही. आपण नुसतं… हं. 'देतो' हे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. कर्ता आपण, पुल्लिंगी. त्यावरून कर्माचं लिंग कळायला मार्ग नाही.

रूपराव : अन् तुमी स्वतः कागदात काय मांगतलं होतं? छापखान्याचं सोडा. मुळात.

प्रभाकरराव : मुळात नाव. नपुंसकलिंगी.

रूपराव : मंग झालं! तुमी नाव मांगतलं, मी नाव देल्लं. घ्या. चौथऱ्यावर पाटी लावा. शब्द फिरला का माहा? सांगा, फिरला का?

प्रभाकरराव : व्याकरणाच्या दृष्टीनं… नाही.

बाई : बाप्पा! एवढी अक्कल सकायी कोठं गेलती?

रूपराव : सकायी तू नोती.

प्रभाकरराव : पण चौथरा चांगला लांबरुंद बांधलाय, हो. त्याच्यावर नुसती पाटी?

बाई : वर्ध्यात एवढ्या चौथऱ्याईवर नाव लिवलेलं हाये, मास्तर, त्यायच्या खाली थो मानूस बसून राह्यते का? गुलाब लावा भवताली. नाईतं मी मेथीचं बी देते.

प्रभाकरराव : आणि तानबा?

बाई : तानबाले म्हना, गिरमिट आनलंच असन तं पाटीले खिळ्याईचे भोकं पाडाले कामी येईन.

प्रभाकरराव : समितीला काय सांगायचं, ते मी पाहतो. भोकांना मी तसा मनातून अनुकूल नव्हतोच. ठीक. पाटीचा मजकूर आत्ताच ठरवून टाकू, रंगारी इथंच आहे. 'जिल्ह्यातील अखेरची चालती नौका. बोटमालक : श्रीयुत रूपराव…'

रूपराव : …थांबा.

प्रभाकरराव : काय झालं? आडनाव आधी पाहिजे?

रूपराव : नाई. आंदन हाये ना थे.

प्रभाकरराव : हो. मग?

रूपराव : मंग माहं कसं लिवता? पाटी का रोज रोज लावता येते? ईचं लिवा.

बाई : माहं? कायले आता?

रूपराव : तू गप राह्य. बोटमालक कोन हाये, थे मी ठरवीन.

प्रभाकरराव : उत्तम. 'बोटमालकीण' लिहावं लागेल. शब्द कोशात नसावा, पण असो. यांचं नाव काय?

रूपराव : लिवा ना… भास्करची माय.

प्रभाकरराव : पाटीवर तसं कसं लिहिणार?

रूपराव : घरी आमी 'अवो'च म्हनतो एकमेकाले. मी 'काव' म्हनतो कवा कवा.

प्रभाकरराव : रूपराव, रंगारी खोळंबलाय.

बाई : सांगून टाका ना. मी तं तुमचं नाव लग्नात साऱ्या मांडवापुढे घेतलं होतं. तवा तुमचा नंबर आला तं तुमी खोकलले होते.

रूपराव : मले खरंच खोकला होता.

बाई : आता हाये का?

रूपराव : …नाई.

प्रभाकरराव : हं. सांगा.

रूपराव : पंचफुला.

प्रभाकरराव : काय म्हणालात? त्या कुकरवाल्यानं शिटी वाजवली. जरा मोठ्यानं.

रूपराव : पंचफुला! पंचफुलाबाई!

बाई : बरं, बरं. आयकलं. धरा आता तिकडचं टोक.