मास्तरांचे घड्याळ माझ्या मनगटावर

मी, गल्लीत ‘मीटरवाले’ म्हणून ओळखला जाणारा, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचणे, आता निवृत्त, राहणार मयत टेलर मास्तर यांच्या खोलीच्या वरचा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो ते असे.

मास्तर खालच्या खोलीत एकटे राहत. पुढे शिलाई मशीन, मागे स्वयंपाकाचा ओटा. पत्नी वारलेली. एकच मुलगी, ती लांबच्या शहरात नोकरी करते. माझ्या सगळ्या विजारी मास्तरांनीच शिवल्या आणि दर वेळी कंबर मोजताना “खाणं आवर” म्हणाले.

गेल्या वर्षी मुलीने त्यांना मनगटावरचे घड्याळ आणून दिले. ते पावले आणि हृदयाचे ठोके मोजते. आत सिम असल्याने ते सर्व मुलीला तिच्या फोनवर दिसते. पावले कमी पडली की तिचा फोन येई आणि मास्तरांना बोलणी खावी लागत. त्यांचा गुडघा झिजला होता, पण हे त्यांनी मुलीला कळू दिले नव्हते. ती रजा काढून धावत येईल, असे त्यांचे म्हणणे.

माझे मत विचारले म्हणून सांगतो. मला ही यंत्रे कधीच पटली नाहीत. माणूस कसा आहे हे माणसाला विचारावे. माझा फोन बटणांचा आहे, त्यावर बोलता येते, मला तेवढे पुरते. हे मी मास्तरांना तोंडावर सांगत असे, आणि वर त्यांचे घड्याळ मीच घातले.

माझ्या पायाला भिंगरी आहे हे सगळ्यांना ठाऊक. मास्तर म्हणाले, “मीटरवाल्या, नाहीतरी गावभर भटकतोस, हे घालून भटक. पोरगी तरी खूश राहील.” आम्ही दोघे पोट धरून हसलो. त्यांनी चार्जरही दिला. अंघोळीपुरते काढले तर चालते, जास्त वेळ काढले तर मुलीला सूचना जाते, हे समजावले.

मुलगी खरोखरच खूश झाली. बाबा ठणठणीत आहेत म्हटल्यावर तिचे फोन कमी होत गेले. मास्तर शिवता शिवता मशीन थांबवून कानोसा घेत. मी विचारले तर दोरा अडकला म्हणत.

बहिणीच्या गावी निघालो त्या सकाळी मी घड्याळ परत द्यायला गेलो. मास्तरांनी घेतले नाही. म्हणाले, “राहू दे. फक्त उद्या चालू नकोस. बसून राहा.”

मी विचारले, “का रे?”

“आकडा कमी दिसला की तिचा फोन येईल. किती दिवसांत आवाज ऐकला नाही.”

“मग तूच कर की.”

“मी केला की घाबरते, आणि बरं आहे म्हटलं की ठेवते. तिने रागावायला केला की कसं, चांगली बराच वेळ बोलते.”

मी हो म्हणालो. त्यांचे माझे हे शेवटचे बोलणे.

दुसऱ्या दिवशी भाच्याने नवीन घर दाखवायला नेले. तिथून आम्ही तळ्यापर्यंत चालत गेलो. संध्याकाळी घड्याळ थरथरले आणि त्यावर शाबासकीचे चित्र आले, तेव्हा मला आठवले. म्हटले, उद्या बसू.

मास्तर त्याच दिवशी सकाळी ओट्याजवळ पडले. फोन मशीनवर होता, हात पोहोचला नसावा. डॉक्टर म्हणतात, रात्रीपर्यंत ते जिवंत असावेत. मुलीने फोन केला नाही, कारण त्या दिवशी तिचे बाबा भरपूर चालले होते.

त्याच्या दुसऱ्या सकाळी परत आल्यावर दार उघडेना म्हणून शेजारच्या इस्त्रीवाल्याला घेऊन मी ते तोडले. मुलीला मीच कळवले. ती म्हणाली, “काका, काहीतरी चुकतंय तुमचं. बाबांचे ठोके चालू आहेत. मी आत्ता बघतेय.”

ते ठोके माझे होते. हे तिला कसे सांगितले, ते मला आठवत नाही.

नोकरीत मी रिकाम्या घरांची मीटर फिरताना पाहिली आहेत. आत माणूस नाही आणि चाक आपले गरगरत असते. तरी मला सुचले नाही.

माझा कोणावर संशय नाही. मुलीचा काही दोष नाही, हे आवर्जून लिहून घ्यावे.

सदर घड्याळ मी जबाबाच्या सुरुवातीस मनगटावरून काढून मेजावर ठेवले आहे. शेजारी मास्तरांचा फोन तपासासाठी चार्जिंगला लावलेला आहे. मुलगी समोरच्या बाकावर बसली आहे. आत्ता, हे सांगत असताना, तिचा फोन वाजला. तिने पाहिले आणि माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावून वाचले: ‘बाबांचे ठोके मिळत नाहीत. त्यांना फोन करा.’ खाली हिरवे बटण होते. तिने ते दाबले.

मेजावर मास्तरांचा फोन वाजू लागला. हवालदारांनी विचारले, बंद करू का. ती म्हणाली, “नको. वाजू दे.”

तो थांबल्यावर हवालदारांनी वरील सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच लिहिले आहे आणि ते खरे आहे, म्हणून खाली सही करतो.